खिंडीतला कंट्रोल

पहाटे ४:१५

तंबूची चेन ओढली की दवाचं गार पाणी थेट मानेवर पडतं. गजरापेक्षा ते जास्त कामाचं. डिसेंबरातला शनिवार. राजगडाच्या संजीवनी माचीपासून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत डोंगराची जी लांबलचक सोंड जाते, ती वेल्हे-भुतोंडे रस्त्याने जिथे ओलांडतात त्या खिंडीशेजारी आमचा मुक्काम आहे. दोन तंबू, एक ताडपत्री, घडीचं टेबल, तीन खुर्च्या (त्यातली एक बिनपाठीची), दोन बॅटऱ्या आणि भरपूर वायरी. माणसंही तीनच. मी, साठी ओलांडलेले काका आणि इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षातली एक मुलगी. काकांचा परवाना माझ्याहून वयाने मोठा, तिचा अजून कोरा करकरीत.

आज सिंहगडाच्या पायथ्यापासून राजगडावरून तोरण्याखालच्या वेल्ह्यापर्यंत डोंगरी शर्यत आहे. काहीशे धावपटू, दिवसभराची वाट, आणि वाटेवर मोबाइलला रेंज मिळाली तर ती नको तिथे. कोण कुठवर पोचलं, कुणाला काय हवंय, हे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कळवणं एवढंच आमचं काम. त्याचे पैसे मिळत नाहीत, मागायचेही नसतात. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याची ती मूळ अटच आहे. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, रेडिओचं शास्त्र आणि नियम या दोन्हींत पास व्हायचं, मग ‘व्हीयू’ने सुरू होणारी आपली खूण मिळते. बारा वर्षांचं पोरही ही परीक्षा देऊ शकतं. संच, तारा, बॅटऱ्या आणि पेट्रोल मात्र ज्याचं त्याने पाहायचं.

४:४०

बॅटरी १३.२ व्होल्ट. लिथियमवाली आहे, एका हातात उचलता येते. काकांची जुनी शिसा-आम्लाची बॅटरी त्यांनी हट्टाने सोबत आणलीच आहे. ती गाडीतून इथवर आणताना दोघांच्या कमरा बोलल्या.

अँटेना काल संध्याकाळीच उभ्या केल्या. शर्यतीच्या कामाची अँटेना साधी, मासे पकडायच्या घडीच्या फायबर काठीवर बांधलेली उभी तार. ती दोन मीटर बँडसाठी, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. ही लहर जवळपास नजर जाते तशी जाते. दोन डोंगरमाथ्यांमध्ये हातातला पाच वॅटचा सेट पुरतो, पण मध्ये एक सोंड आडवी आली की पन्नास वॅटही आपटून परत फिरतात. खिंडीत कंट्रोल, म्हणजे सगळ्या ठाण्यांना जोडणारं मुख्य ठाणं, ठेवायचं कारण तेच. इथून उत्तरेला गुंजवण्याचं खोरं आणि दक्षिणेला भाटघरच्या पाण्याकडचा उतार, दोन्हीकडे आवाज पोचतो.

दुसरी अँटेना काकांची लाडकी. चाळीस मीटर बँडचा डायपोल, दहा-दहा मीटरच्या दोन तारा, मधोमध उंच आणि दोन्ही टोकं जमिनीकडे उतरलेली. हिची दोरी झाडावर टाकायला काका गोफण वापरतात. दगडाला मासेमारीची दोरी बांधायची, गरगर फिरवायची आणि सोडायची. काल भुतोंड्याहून गुरं घेऊन परतणारे एक आजोबा थांबून बघत राहिले, मग म्हणाले, ‘‘पाव्हणं, तुमचा हात चुकतोय,’’ आणि पहिल्याच फेकीत दोरी हव्या त्या फांदीवरून पलीकडे गेली. काकांनी त्यांना चहा पाजला आणि रेडिओबद्दल तासभर सांगितलं. आजोबांना त्यातलं गोफणीचं तेवढं पटलेलं दिसलं.

५:००

हजेरी. आजच्या दिवसापुरती ठाण्यांना जागांचीच नावं आहेत: सिंहगड, विंझर, गुंजवणे, पद्मावती, संजीवनी, बुधला, वेल्हे. आम्ही खिंड. नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपली परवान्याची खूण सांगायचीच असते, पण धावपळीत ‘संजीवनी, खिंड’ एवढी हाक मारली की कुणी कुणाला बोलावलं हे कळतं.

सगळे येतात, विंझर येत नाही. अपेक्षितच होतं. गाव खोऱ्यात आहे आणि मध्ये डोंगर. राजगडाच्या पद्मावती माचीवरचा गडी सांगतो, ‘‘विंझर मला छान ऐकू येतंय, मी निरोप पुढे देतो.’’ म्हणजे आज दिवसभर विंझरचं प्रत्येक वाक्य पद्मावतीकडून दुसऱ्यांदा ऐकायचं. त्यावर उपाय म्हणजे वाक्यं लहान ठेवणं.

हॅम मंडळींना हे जड जातं. ज्याने हौसेने रेडिओ घेतला त्याला बोलायला आवडतं, हे उघड आहे. एरवी दोघे हॅम भेटले की हवामान, अँटेनाची उंची, नवा संच, जुना संच असं अर्धा तास सहज चालतं. आज त्याच माणसांनी दिवसभर कान उघडे आणि तोंड बंद ठेवायचं असतं. माझ्या मते सेवा म्हणून जे काही आहे ते इथेच आहे. बटण दाबता येतं सगळ्यांनाच, न दाबता बसणं शिकावं लागतं.

६:००

‘‘खिंड, सिंहगड. सुटले.’’ बस, एवढंच. मुलगी वहीत वेळ लिहिते. गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा. शेकोटी नाही. गवत वाळून कडकडीत झालंय आणि समोरच्या कातळाच्या पोटात आग्या मोहोळं लोंबतायत. धूर, अत्तर, आरडाओरडा यांतलं काहीही त्या मधमाश्यांना खपत नाही. सह्याद्रीत तंबू टाकणाऱ्याने बिबट्याची काळजी थोडी कमी आणि मोहोळांची थोडी जास्त करावी.

७:३०

ऊन आलं. सोलर पॅनल पूर्वेकडे तिरका टेकवला. पहिला धावपटू आमच्याकडे यायला अजून तीन तास आहेत. सेटवर अधूनमधून सिंहगडाच्या कल्याण दरवाज्याची खबर येते: पुढचे उतरले, मधले उतरतायत, पाणी पुरेसं आहे.

हा काकांचा वेळ. मुलीला शेजारी बसवून ते चाळीस मीटर लावतात, सात मेगाहर्ट्झच्या थोडं वर. आमचा डायपोल जमिनीपासून फार उंच नाही, आणि ते मुद्दाम. तार ठेंगणी असली की लहर बरीचशी सरळ वर जाते, आयनोस्फियरवर आपटते आणि दोन-चारशे किलोमीटरच्या परिसरात सगळीकडे खाली येते. मध्ये कितीही डोंगर असोत, ती डोंगरावरूनच आलेली असते. त्यामुळे समोरचं विंझर जिला ऐकू येत नाही त्या खिंडीत कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, संभाजीनगर शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखे येतात.

‘‘अगं, हे फक्त गमतीसाठी नाही,’’ काका तिला सांगतात. ‘‘टॉवर पडले, वीज गेली, रस्ता तुटला, तर जिल्ह्याबाहेर निरोप याच तारेने जातो.’’ मग ओघाने किल्लारी येतंच. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट, पावणेचार उलटून गेल्यावर आलेला भूकंप, आणि टेलिफोन बंद पडलेल्या भागात संच घेऊन पोचलेले हॅम. २६ जानेवारी २००१ला कच्छात तेच. आणि अंदमान. डिसेंबर २००४मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला रेडिओ मोहिमेसाठी गेल्या होत्या. अनेक वर्षांनी त्या बेटांवरून हौशी रेडिओ ऐकू येत होता आणि जगभरचे हॅम त्यांच्याशी संपर्क साधायला रांगेत उभे होते. २६ तारखेला त्सुनामी आली. हौसेसाठी मांडलेलं तेच केंद्र त्या दिवसापासून बेटांवरचे निरोप मुख्य भूमीकडे पोचवू लागलं.

मला या गोष्टीतलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की अँटेना आधीपासून वर होती. आपत्तीची बातमी ऐकून कपाटातला संच काढणाऱ्याला निम्म्या वेळा जोडणीची वायर सापडत नाही, आणि सापडली तर तिचं टोक जुळत नाही. म्हणून ही तंबूतली हौस. जिथे भिंतीत प्लग नाही, टेबल डगमगतं, झोप अर्धी झालीय, तिथे संच चालू ठेवायचा सराव घरच्या खोलीत होत नाही.

काकांना एवढं सगळं बोलून भूक लागते. पोहे होतात. शेंगदाणे घरी राहिले आहेत, आणि हा विषय दिवसभर पुरेल असं दिसतं.

१०:२०

पहिला धावपटू. संजीवनी माचीच्या आळू दरवाज्याकडची सोंड उतरून येताना आधी फक्त टोपी दिसते. त्याला कुणाकडे बघायला वेळ नाही, घोटभर पाणी आणि पुढे. तो बुधल्याच्या चढाला लागेपर्यंत त्याचा नंबर आमच्या वहीत आणि वेल्ह्याच्या वहीतही गेलेला असतो.

इथून पुढे दोन तास हात थांबत नाही. एकाने वाटेवर उभं राहून छातीवरचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा, तिसऱ्याने दर दहा-पंधरा मिनिटांनी पुढच्या ठाण्याला यादी द्यायची. नंबर नेहमी सुटा सुटा: दोन, सात, एक. मराठीत ‘दोनशे एक्काहत्तर’ म्हटलं तर खरखरीतून ‘एकसष्ट’ की ‘एक्काहत्तर’ याचा भरवसा नाही. एकोणऐंशी आणि एकोणनव्वदने तर भल्याभल्यांची वही खराब केली आहे. सुट्या आकड्यांतही सात-आठ यांचं जुळं आहे, म्हणून शंका आली की सरळ ‘सेव्हन’, ‘एट’. शुद्धलेखनाची ही जागा नव्हे.

नावं मात्र हवेत बोलायची नाहीत. हौशी रेडिओवर सांकेतिक भाषेत लपवून बोलायला परवानगीच नाही, जे बोलू ते संच असलेला कुणीही ऐकतो. धावपटूच्या घरच्यांनी त्याच्या दुखापतीची बातमी तिसऱ्याच माणसाकडून ऐकू नये.

१२:१०

‘‘ब्रेक, ब्रेक. खिंड, संजीवनी.’’

हा शब्द ऐकला की बाकी सगळी ठाणी गप्प होतात, आणि झालीही. आळू दरवाज्याखाली एकाचा घोटा मुरगळलाय, पाय टेकत नाही, शुद्धीवर आहे, रक्त नाही. मागून येणाऱ्या धावपटूने वर जाऊन सांगितलं. मी विचारतो: जागा नेमकी? दरवाज्यापासून खाली, दुसऱ्या वळणावर. काय हवंय? स्ट्रेचर आणि चार माणसं. आमच्याकडे आयोजकांचे डॉक्टर आहेत आणि भुतोंड्याची चार पोरं, ज्यांना ही वाट अंधारातही पाठ आहे. ती निघतात. सोबत मुलगी हँडहेल्ड घेऊन जाते, कारण डॉक्टरांना मधूनच काही मागावं लागलं तर कुणाला ओरडून सांगणार?

तिचा आवाज पंधरा मिनिटांनी येतो. धाप लागलेली, पण वाक्य नीट: कुठे आहोत, किती वेळ लागेल, पाणी आहे. जास्त एक शब्द नाही. काका माझ्याकडे बघून भुवई उडवतात. दीड वाजता जखमी खिंडीत, तिथून गाडीने वेल्ह्याला. तो गाडीत बसताना सारखा विचारत होता, आपली वेळ धरली जाणार का.

२:४५

खरी कसोटी ही. ऊन डोक्यावर, जेवण झालेलं, धावपटूंचा ओघ पातळ. आणि आकडे जुळत नाहीत.

हिशोब साधा आहे. संजीवनीवरून जेवढे निघाले तेवढे, जखमी वजा जाता, खिंडीत यायला हवेत. एक कमी. चार-एक-सहा १२:५० ला संजीवनीवरून गेला, त्याच्यामागचे सगळे आमच्याकडून पुढे गेले, तो नाही. लोकांना वाटतं रेडिओवाल्यांचा उपयोग अपघाताच्या वेळी होतो. अपघात निदान दिसतो. न आलेला माणूस कुणालाच दिसत नाही, तो फक्त वहीत सापडतो.

पहिलं काम, वहीवर संशय घेणे. संजीवनीने नंबर पुन्हा वाचून दाखवला, त्यांच्या जोडीदाराने स्वतंत्र लिहिलेल्या यादीशी ताडला. बरोबर. दुसरं, त्याच्या पुढचे-मागचे कोण? मागचा धावपटू तोवर बुधल्यावर पोचलेला. बुधल्याच्या माणसाने त्याला थांबवून विचारलं. हो, निळ्या शर्टाचा एकजण सोंडेवर बसलेला दिसला होता, ‘ठीक आहे, जा तू’ म्हणाला होता. तिसरं, सर्वांत मागून चालत येणाऱ्या दोघांना सांगणं, की सोंडेच्या दोन्ही अंगांना बघत या, हाका मारत या. काका तोवर नकाशावर बोट ठेवून बसलेले. ‘‘इथून दक्षिणेला गुरांची वाट उतरते. थकलेला माणूस चढ सोडून उताराकडेच वळणार.’’

भुतोंड्याकडे फोन लागत नाही. एक पोरगा मोटरसायकलवर खाली पाठवला.

३:५०

‘‘खिंड, वेल्हे. चार-एक-सहा इथे आहे.’’

‘‘परत सांगा.’’

‘‘चार-एक-सहा इथे आहे. मिसळ खातोय.’’

गडी काकांच्या त्या वाटेनेच खाली उतरला, एका घरी पाणी प्यायला, वेल्ह्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसला, आणि ती जीप आमच्या टेबलाशेजारून, याच खिंडीतून, पलीकडे गेली. आम्ही तिला हात करून वाटही दिली होती. सोडून देतोय हे कुणालातरी सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलंच नाही. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. दमलेल्या माणसाला आधी बसायला हवं असतं. वेल्ह्याच्या ऑपरेटरने त्याला नंबर विचारायची तसदी घेतली हे मोठं, नाहीतर संध्याकाळी डोंगर पिंजत बसलो असतो.

मोटरसायकलवाला पोरगा तासाभराने परत आला, भुतोंड्यातून आमच्यासाठी ताक घेऊन.

६:१५

मागचे दोघे साडेचारला खिंड ओलांडून गेले, शेवटचा धावपटू वेल्ह्यात पोचला, सगळ्या ठाण्यांचे आकडे जुळले. एकेक ठाणं खूण सांगून बंद. मी नेट, म्हणजे ठाण्यांचं हे रेडिओ जाळं, बंद करतो. घसा ठीक आहे, कानात मात्र अजून खरखर.

पाठोपाठ मुलगी पोलादी मोजपट्टीचे तुकडे पीव्हीसी पाइपवर लावून केलेली यागी अँटेना बाहेर काढते. सुताराची पिवळी मोजपट्टी अँटेनाला उत्तम, वाकते आणि सोडली की सरळ होते, म्हणून झुडपांतून नेता येते. ६:४० ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाणार आहे. त्याच्यावर हौशी रेडिओचा रिपीटर आहे. खालून पाठवायचं १४५.९९०वर, वरून ऐकू येतं ४३७.८००वर. स्थानक जवळ येताना ऐकण्याची फ्रिक्वेन्सी थोडी चढलेली, दूर जाताना उतरलेली. हाताने अँटेना फिरवत दुसऱ्या हाताने ते सांभाळायचं. आपल्या देशाचाही असा एक उपग्रह होता, हॅमसॅट. ५ मे २००५ला पीएसएलव्हीने वर गेला, २०१४पर्यंत चालला, आणि काका अजून त्याच्याबद्दल गेलेल्या मित्राबद्दल बोलावं तसं बोलतात.

तेजस्वी ठिपका वायव्येकडून वर येतो. ती दोनदा हाक मारते. गर्दीत तिची खूण बुडते. तिसऱ्यांदा आखातातला कुणीतरी तिची खूण परत म्हणतो, ती त्याची म्हणते, संपलं. पुरती दहा मिनिटंही नाहीत.

८:३०

भुतोंड्याहून पिठलं-भाकरी आणि ठेचा आलाय. खाऊन काका मोर्सची किल्ली मांडीवर घेतात. वरच्या दर्जाच्या परवान्याला मोर्सची परीक्षा लागते, म्हणून मुलगी कान देऊन बसते.

अंधार पडल्यावर चाळीस मीटरचं वागणं बदलतं. दिवसा लहरी शोषून घेणारा आयनोस्फियरचा खालचा थर सूर्याबरोबर विरून जातो आणि तीच तार लांबचं आणू लागते. सकाळी खणखणीत ऐकू आलेलं नाशिक आता पुसट, आणि त्याच्या जागी इंडोनेशिया, जपान. मग रात्र पश्चिमेकडे सरकेल तसे रशिया आणि पूर्व युरोप. काका फक्त पाच वॅट लावतात. शंभर वॅटला वीस अँपिअर लागतात आणि बॅटरी उद्या सकाळीही हवी आहे, हे कारण ते सांगतात. मला वाटतं त्यांना कमीत कमी शक्तीत लांब जायची खाज आहे.

९:४५

दिवसाचा आढावा, कंदिलाखाली, वहीच्या शेवटच्या पानावर. विंझरला पुढच्या वेळी माणूस गावात न ठेवता वरच्या टेकाडावर ठेवायचा. ‘शर्यत सोडली’ असा वेगळा रकाना सगळ्या ठाण्यांच्या वहीत हवा, आणि आयोजकांनी धावपटूंना सांगायचं की सोडलीत तर नंबरची चिठ्ठी कुठल्याही ठाण्यावर काढून द्या. खिंडीतून जाणारी प्रत्येक जीप थांबवून आत बघायचं का, यावर वाद झाला. काका म्हणाले हो, मी म्हणालो लोक शिव्या घालतील. ठरलं असं, की विचारायचं, पण हसून.

शिसा-आम्लाची बॅटरी पुढच्या वर्षी आणायची नाही, हा ठराव दोन विरुद्ध एक असा संमत झाला. काकांनी विरोधाची नोंद करायला लावली.

शेवटचा मुद्दा, पुढच्या वेळी कंट्रोलवर कोण. काका म्हणाले, ‘‘ही बसेल. मी विंझरला जातो, टेकाडावर.’’ मुलीने वही मिटली नाही. म्हणाली, ‘‘चालेल काका, पण मग पाठ असलेली खुर्ची मला.’’ तेही लिहून घेतलं.